पान ४७ नंतर थेट ६४

हिंबरह हा शब्द बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. अर्ज दिला की कचेरीतून कन्नडमध्ये जे उत्तर येतं, ते हिंबरह. माझ्या कपाटात अशी नऊ जमली आहेत. त्यातलं चौथं हातात घेतलं की अजूनही डोकं तापतं. सगळं मिळून दोन ओळींचं पत्र. मागितलेला करार व्यापारी गोपनीयतेत मोडतो, शिवाय परराष्ट्र संबंधांना बाधा येईल, म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(अ) आणि ८(१)(ड) खाली नकार. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. तारीख अर्जापासून एकोणतिसाव्या दिवसाची.

मागितलं तरी काय होतं? आपल्या कर्नाटक राज्याच्या एका सरकारी मंडळानं युरोपातली एक खासगी एजन्सी नेमली आहे. तिथल्या कंपन्यांना, अधिकाऱ्यांना भेटायचं, आपल्या राज्याची बाजू मांडायची, ओळखी करून द्यायच्या, हे तिचं काम. पैसे राज्याच्या तिजोरीतले, म्हणजे माझेही. मी कराराची प्रत, दिलेल्या रकमेची बिलं आणि एजन्सीनं दरमहा दिलेले अहवाल मागितले. बस्स.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी शेड आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, पंपाच्या कास्टिंगचं मशीनिंग. आमच्याकडच्या एका बैठकीत एक अधिकारी छातीठोकपणे म्हणाले की उत्तर कर्नाटकासाठी परदेशात फार मोठं काम चाललंय. मी उभा राहून विचारलं, बेळगावसाठी नेमकं कोणाला भेटलात? म्हणाले, वेबसाइट बघा. बघितली. फोटो होते, हार होते, हिशेब नव्हता. त्याच रात्री वहीत अर्जाचा मसुदा लिहिला, मराठीत.

मराठीतला अर्ज चालत नाही, हे आधीच सांगतो. कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो आणि इथली राजभाषा कन्नड. आपलं गाऱ्हाणं मराठीतून मांडायचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० नं आपल्याला दिलाय, पण गाऱ्हाणं वेगळं आणि माहितीचा अर्ज वेगळा. भाषेचं दुखणं मलाही आहे. पण दोन्ही भांडणं एकाच कागदावर मांडली की अधिकाऱ्याला सोपं सोडवून अवघड टाळायची सोय होते. मी डीसी ऑफिसजवळच्या, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीजवळच्या, टायपिस्टकडून कन्नड करून घेतलं. त्यात एक फायदाही निघाला. कर्नाटकाच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत लागतो. कन्नडमध्ये प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीत दोनशेवर गेलेला मजकूर तिथं आरामात बसला. माझा पहिला अर्ज ‘विषय एकापेक्षा जास्त’ म्हणून परत आला होता. मग त्याचे तीन केले, दहा-दहा रुपयांचे. त्यातल्या दोन अर्जांची उत्तरं मुदतीत आली, त्यांबद्दल तक्रार नाही. तिसरा करारावरचा.

चौथ्या हिंबरहावर पहिलं अपील केलं. तीस दिवसांच्या आत करावं लागतं, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. अपिलात शिव्याशाप लिहू नका, मुद्दा लिहा. माझा मुद्दा असा होता: परराष्ट्र व्यवहार हा विषय केंद्राचा, संघसूचीतला. राज्याच्या मंत्र्याला, अधिकाऱ्याला सरकारी कामानं परदेशी जायचं तर दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी लागते. मग एका खासगी एजन्सीशी झालेल्या करारानं परदेशी राष्ट्राशी संबंध बिघडतात असं म्हणायचं असेल, तर त्या करारावर दिल्लीशी झालेला पत्रव्यवहार दाखवा. नसेल तर ८(१)(अ) इथं लागू होत नाही. आणि व्यापारी गोपनीयतेचं म्हणाल, तर त्याच कलमात आणि ८(२) मध्ये लिहिलंय की लोकहित मोठं असेल तर माहिती द्यावीच लागते. नकार बरोबर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची, कलम १९(५). लिहिताना हात थरथरत होता माझा, रागानं.

पंचेचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं: माहिती विस्तृत असल्यानं अर्जदारानं अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता कचेरीत येऊन कडताची, म्हणजे फाईलची, तपासणी करावी. कचेरी बेंगळूरला. बेळगावहून पाचशे किलोमीटर. अर्जदार दमून घरी बसेल, हाच त्यामागचा हिशेब, याबद्दल मला शंका नाही. मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना दारात होतो. अधिकारी रजेवर. आज येणार नाहीत. मग तारीख कोणी दिली? केस वर्करला, म्हणजे फाईल सांभाळणाऱ्या कारकुनाला, विचारा. केस वर्कर मीटिंगला. बसा. कॉरिडॉरमध्ये लोखंडी बाक होता, एक पाय आखूड, बसलं की डुलायचा. बाराला विचारलं, बसा. एकला विचारलं, जेवणाची सुट्टी. दोनला शिपाई म्हणाला, “सार, नाळे बन्नी.” उद्या या म्हणे. मी सांगितलं, मी बेळगावहून आलोय आणि पत्रावर आजची तारीख आहे. पत्राची झेरॉक्स त्याच्या हातात दिली. तो आत गेला, परत आला, काही बोलला नाही.

त्या बाकावर बसून मी मोबाइलवर अमेरिकेच्या न्याय खात्याची वेबसाइट उघडली. तिथं १९३८ पासून फारा नावाचा कायदा आहे. परदेशी सरकारसाठी अमेरिकेत लॉबिंग करणाऱ्या प्रत्येकानं नोंदणी करायची, करार दाखल करायचा, दर सहा महिन्यांनी कोणाला भेटलो आणि किती पैसे मिळाले ते लिहून द्यायचं. हे सगळं कोणालाही फुकट बघता येतं. आपल्या दूतावासानं एप्रिल २०२५ मध्ये एसएचडब्ल्यू पार्टनर्स या फर्मशी केलेला करार असाच जगासमोर आला, वर्षाला १८ लाख डॉलर. राज्यांनीही अशा फर्म नेमल्या आहेत. व्हायब्रंट गुजरात या गुंतवणूक परिषदेसाठी ॲपको वर्ल्डवाइड या अमेरिकी फर्मला काम दिलं होतं, हे जगजाहीर आहे. म्हणजे आपला पैसा परदेशात कुठं जातो याचा कागद मला वॉशिंग्टनहून बसल्या जागी वाचता येतो, आणि माझ्या स्वतःच्या राज्याचा कागद पंधरा पावलांवरच्या कपाटात असून मिळत नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वय अठ्ठावन्न, लपवत नाही.

साडेतीनला फाईल आली. जाड पुठ्ठा, पांढरी नाडी, वर कन्नडमध्ये विषय. केस वर्कर तरुण मुलगा, हुबळीकडचा, त्याला माझं कन्नड ऐकून बरं वाटलं असावं. खुर्ची दिली, पाणी दिलं. फोटो काढू देणार नाही म्हणाला. म्हटलं, ठीक, मी लिहून घेतो.

इथं एक गोष्ट जपून करा. फाईल उघडल्या उघडल्या वाचत सुटू नका. आधी पानांचे आकडे बघा. टिप्पणीची, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची, पानं वेगळी, पत्रव्यवहाराची वेगळी, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात शाईनं नंबर असतो. मी पत्रव्यवहाराची बाजू एकेक पान उलटत मोजली. ४५, ४६, ४७. पान ४७ म्हणजे एजन्सीचं पत्र, शेवटच्या ओळीत ‘सोबत: सह्या झालेला करार’. त्यापुढचं पान ६४. मधली सोळा पानं नाहीत. नाडी ओवायच्या भोकाशी कागदाचा एक फाटका कोपरा तेवढा अडकलेला, नखाएवढा.

मी मुलाला विचारलं. त्यानं पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, म्हणाला, वर मागवून घेतली असतील. कोणी? गप्प.

मी कोऱ्या कागदावर तिथंच लिहिलं: आज अमुक वेळ ते अमुक वेळ फाईल पाहिली, पत्रव्यवहार पान १ ते ४७ आणि ६४ ते ८८ दिसलं, ४८ ते ६३ फाईलमध्ये नाहीत. खाली माझी सही. त्याला म्हटलं, तू काही कबूल करू नकोस, फक्त ‘पाहिलं’ लिहून सही कर. दहा मिनिटं तो पेन हातात धरून बसला. मग केली. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही, आणि म्हणूनच कचेरीचं नावही इथं लिहीत नाही.

टिप्पणीच्या पानांत आणखी एक गोष्ट हाती लागली. एजन्सी टेंडर न काढता नेमली होती, केटीपीपी कायद्याच्या ४(जी) खाली सूट घेऊन. कर्नाटकाचा हा १९९९ चा सरकारी खरेदीतल्या पारदर्शकतेचा कायदा. ४(जी) म्हणजे सरकार अधिसूचना काढून एखाद्या खरेदीला टेंडरमधून मोकळं करू शकतं. अशी अधिसूचना क्रमांकासकट मागता येते. मला हे आधी माहीत असतं तर पहिला अर्ज तिच्यापासूनच सुरू केला असता. तुम्ही तसंच करा.

दुसरं अपील नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे करायचं. आयोगाचं पीठ आता बेळगावात आहे, ही मोठी सोय. सुनावणीत मला फार काही बोलावं लागलं नाही. सही असलेला तो कागद पुढं ठेवला. आयुक्तांनी तो दोनदा वाचला आणि खात्याच्या अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारला, सोळा पानं कुठं आहेत? अधिकारी म्हणाले, शोधून देतो. आदेश झाला: करार द्या, खरोखर गोपनीय असेल तेवढाच भाग कलम १० प्रमाणे झाकून, बाकी विनाशुल्क. त्यावरही नववं हिंबरह आलंच, पानाला दोन रुपयांप्रमाणे ३२ रुपये भरा म्हणून. प्रश्न बत्तीस रुपयांचा नव्हता. आदेशातल्या ‘विनाशुल्क’ शब्दाखाली लाल रेघ मारून प्रत स्पीड पोस्टानं पाठवली. आठवड्यात पाकीट आलं.

हो, एक राहिलंच. अर्जात ‘का’ विचारू नका. ‘एवढा खर्च का केला’ असं विचारलं की ‘अशी माहिती आमच्याकडे नाही’ असं उत्तर येतं, आणि ते कायद्यात बसतं. जो कागद अस्तित्वात आहे त्याचीच प्रत मागा. स्पीड पोस्टाच्या पावत्या लगेच झेरॉक्स करा, त्यांची शाई उडते.

पाकिटात करार होता, दर महिन्याला अहवाल देण्याची अट होती, आणि शेवटच्या दोन पानांवर एकच अहवाल होता. त्यात राज्याचा नकाशा. बेंगळूरभोवती आठ-दहा बाण. वरच्या डाव्या कोपऱ्यात एका ठिपक्याशेजारी आमच्या गावाचं नाव, जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं. ठिपक्याकडे एकही बाण नव्हता. उरलेले अहवाल मागणारा अर्ज मी त्याच संध्याकाळी टायपिस्टकडे दिला. एकच विषय, ६२ शब्द.