पाणी फिरेपर्यंत

कर्ली नदी समुद्राला सरळ जाऊन मिळत नाही. तारकर्लीच्या मागून ती दक्षिणेकडे वळते आणि देवबागच्या चिंचोळ्या वाळूपट्टीला बिलगून समुद्राच्या समांतर वाहत राहते. एकीकडे लाटांचा आवाज, दुसरीकडे हिरवं संथ पाणी, मधे माड आणि घरं. याच पाण्यात मी वयाच्या ४३व्या वर्षी पहिल्यांदा कयाकमध्ये बसले. पोहता येत होतं, पण तलावातलं, तळाच्या फरश्या दिसणाऱ्या पाण्यातलं.

मला शिकवणारे आबा मूळचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार. पहिल्या दिवशी त्यांनी वल्हं हातात दिलंच नाही. लाइफ जॅकेट घालायचं, गळाभर पाण्यात होडी मुद्दाम उलटी करायची आणि परत चढायचं, एवढंच काम. मी आधी हातांच्या जोरावर अंग वर ओढायला बघायचे आणि होडी माझ्याच अंगावर कलंडायची. सात-आठ वेळा असं झाल्यावर युक्ती कळली. आधी पाय मागे झाडत अंग पाण्यावर आडवं तरंगू द्यायचं, मग पोटावर सरपटत होडीवर यायचं, वळून बसायचं आणि पाय सगळ्यात शेवटी आत घ्यायचे. संध्याकाळी कोपरं सोलवटली होती, पण बुडण्याची भीती निम्म्यावर आली होती. कोणीही शिकायला सुरुवात करणार असेल तर मी हेच सांगते, पहिला दिवस उलटण्यात घालवा.

वल्हं मारणंही असंच उलटं निघालं. मी दंडांनी पाणी ओढत होते आणि अर्ध्या तासात खांदे भरून येत. आबा बाजूच्या होडीतून बघत म्हणाले, "घाई कित्याक करतास? पाण्यावांगडा भांडू नकात." पातं पावलांजवळ पाण्यात घालायचं, कंबरेतून वळायचं आणि पातं नितंबापाशी आलं की बाहेर काढायचं. हे अंगात मुरायला दोन हिवाळे गेले. त्या दिवसांत मी खारफुटीच्या कडेकडेने फिरत असे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलातून वर आलेली मुळं उघडी पडत, बायका गुडघाभर पाण्यात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत आणि खंड्या एकाच काठीवर तासन्‌तास बसलेला असे. होडीला इंजिन नसल्यामुळे तो उडून जात नसे. मला या सगळ्यात सर्वात प्रिय काही असेल तर हे जवळ जाता येणं.

चूक झाली ती तिसऱ्या हिवाळ्यात. मार्गशीर्षातली अमावास्या होती. आबा सोबत नव्हते. मी जेवून दुपारी एकच्या सुमारास निघाले आणि होडी आपोआप इतकी सुंदर पळत होती की मला वाटलं, आता आपल्याला जमायला लागलं. प्रत्यक्षात मला पाणी नेत होतं. अमावास्येच्या उधाणाचं पाणी खाडीतून बाहेर निघालं होतं आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून त्याच्या तोंडावर येत होता. पुढे संगमाशी, जिथे पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो, तिथे दोघांची गाठ पडत होती आणि लाटा आखूड, उभ्या होऊन फुटत होत्या. मी होडी वळवली. दहा मिनिटं जीव तोडून वल्हवलं आणि काठावरचा तोच माड बाजूला होता.

तेव्हा समोर जायचं सोडून तिरकं काठाकडे वल्हवलं. काठालगत ओढ कमी असते, तिथे होडी टेकली. हात थरथरत होते. आबांना फोन लावला. ते रागावले नाहीत. "थयच बसा. पाणी फिरांदे, मगे येवा."

साडेतीन तास वाळूवर बसून राहिले. पाण्याची वरची ओली रेघ हळूहळू खाली सरकताना मी आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघितली. साडेपाचच्या पुढे खाडी जराशी थांबल्यासारखी झाली, फेस जागीच घुटमळला, मग उलटा आत चालू लागला. त्या भरतीबरोबर, मागून येणाऱ्या वाऱ्यात, मी फारसं वल्हं न मारता अंधार पडायच्या आत परत आले.

दुसऱ्या दिवशी आबांनी हिशेब शिकवला. किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी, त्यामुळे ओढ सौम्य. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो बाहेर जायला मदत करतो आणि परतताना अडवतो. हे सगळं शाळेत भूगोलात पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते, पण हातांना ते कळलं नव्हतं. मी भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही बघते. तरी आधी तिथी मोजते, मग ताडून पाहते. सवयीने मान आपोआप आभाळाकडे जाते, चंद्र कुठे आहे ते बघायला.

जून-जुलैत होडी पडवीत उलटी असते. ते दोन महिने मला जड जातात. नारळी पौर्णिमा झाली तरी लगेच उतरत नाही, पाणी निवळेपर्यंत थांबते.

येत्या शनिवारी षष्ठी आहे. भरती पहाटे साडेचारला, पाणी फिरणार साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास. साडेआठला निघेन, ओहोटीबरोबर सावकाश संगमाच्या अलीकडच्या वाळूपर्यंत. तिथे पोहे खायचे आणि फेस थांबायची वाट बघायची. या वेळी आबाही येणार आहेत, त्यांच्या पायांना आता चिखल झेपत नाही, म्हणून दोघांची होडी घेतली आहे. मागे बसून दिशा मी सांभाळणार.