नांदूरमध्यमेश्वर: पहाटे निघा, हळू चाला

डिसेंबरातल्या एका रविवारी आई, बायको आणि सात वर्षांच्या लेकाला घेऊन निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जाऊन आलो. ही दुसरी खेप. पहिल्या वेळी घरून नाश्ता करून निघालो आणि पोचेपर्यंत अकरा वाजले. पाणी उन्हात चमकत होतं, पक्षी लांब सरकले होते, पोराला नुसते काळे ठिपके दिसले. या वेळी पहाटे पाचलाच नाशिक सोडलं. निफाडची थंडी काय असते ते इकडच्यांना सांगायला नको. कानटोपी, स्वेटर आणि चहाचा थर्मास हवाच.

गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा घातला. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या. पाणी साठवायला हे वाईटच, पण पक्ष्यांना नेमकं हेच लागतं. १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

चापडगावच्या बाजूने आत गेलो. वाट सपाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणारी आईसुद्धा थांबत थांबत पक्षी बघायच्या मनोऱ्यापर्यंत आली. वर मात्र चढली नाही. गावातला गाइड जरूर घ्या. त्याच्याकडे मोठी दुर्बीण असते आणि कुठे काय उतरलंय हे त्याला ठाऊक असतं. आम्हाला चित्रबलाक, चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी आणि चक्रवाकांच्या जोड्या दिसल्या. पण लेक खिळून राहिला तो काठाजवळच्या जांभळ्या पाणकोंबडीपाशी. तिने एक हिरवा देठ उपटला, पायाच्या लांबलचक बोटांच्या मुठीत धरला आणि आपण ऊस खातो तसा चोचीशी नेऊन सोलायला लागली. आई खालूनच म्हणाली, "अरे, हिला तर हातच आहेत!" पुढची वीस मिनिटं आम्ही तिथून हललो नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी तर अजिबात नकोत. आमच्या शेजारी एकाने स्पीकर लावला आणि बदकांचा अख्खा थवा उठून गेला. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, काठाला गाळ आहे. खाणं आणि पिण्याचं पाणी घरूनच न्या, सुटे पैसे जवळ ठेवा. साडेनऊपर्यंत आमचं फिरणं आटोपलं होतं. मग बाहेर येऊन गाडीपाशीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.