शिवणाची टेप आणि लक्ष्मी रोड

गेल्या 11 डिसेंबरला आई लक्ष्मी रोडच्या मधोमध चालली. वय 82, काठी नुसतीच हातात. 11 डिसेंबर म्हणजे पुणे महापालिकेचा पादचारी दिन. 2021 पासून दरवर्षी त्या दिवशी या रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवतात. रांगोळ्या, पोरांचे खेळ, भाषणं असं सगळं होतं. आईने त्यातलं काही पाहिलं नाही. गरुड गणपतीच्या अलीकडे ती थांबली, मान वर केली आणि म्हणाली, "अगं, या वाड्याला अजून लाकडी सज्जा आहे!" एरवी इथून जाताना तिची नजर पायाखाली आणि कान मागच्या हॉर्नकडे. वर बघणार कधी?

आई हुजूरपागा शाळेची. एरंडवण्यातून लकडी पुलावरून सायकलने शाळेत यायची. पानशेतच्या पुराच्या (1961) आधीची गोष्ट. अंधार पडल्यावर सायकलला दिवा नसला तर पोलीस अडवायचा, हा तिचा ठरलेला किस्सा. त्यातला पोलीस दरवर्षी थोडा उंच होतो. डेक्कनपासून मंडईपर्यंत ती वाट पुन्हा पायी आणि सायकलने, जीव मुठीत न धरता करता येईल का, हा माझा सध्याचा चाळा.

त्याला निमित्त मिळालं ते अर्जाचं. नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची सोय पुण्यात 2006 पासून आहे. आपल्या प्रभागातलं 5 लाखांपर्यंतचं काम लिहायचं, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. 5 लाखांत सायकल मार्ग होत नाही हे मलाही कळतं. पण काय होतं, हे बघायला मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन निघाले.

रस्ते कसे बांधावेत हे ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे 2012 चे निकष सांगतात की बाजारपेठेत चालायला किमान अडीच मीटर मोकळी जागा हवी आणि पदपथाची उंची 15 सेंटिमीटरच्या वर जाऊ नये. माझी टेप 60 इंची, म्हणजे दीड मीटर. ती दोनदा टाकायची वेळ फार कमी ठिकाणी आली. एका बोळाच्या तोंडाशी पदपथाची कड 11 इंच भरली. आई तिथे नेहमी खाली उतरते आणि रस्त्यानेच चालते. आम्ही तिला रागवायचो.

रुंदीपेक्षा मला सलग नसणं जास्त खुपलं. बोळ आला की पदपथ संपतो, वाड्याचं फाटक आलं की उतार, मग पुन्हा चढ, मध्ये विजेची डीपी, तिला टेकून उसाचा गाडा. शंभर पावलांत मी सात वेळा चढले-उतरले. सायकल ढकलत नेणाऱ्याचं काय होत असेल!

एका कापड दुकानाच्या मालकांनी टेप पाहिली आणि धावत बाहेर आले. "ताई, रुंदीकरण येतंय का?"

"नाही हो, उलट. गाड्यांची जागा कमी करा म्हणतेय मी."

"मग आत या, चहा घ्या. बसून भांडू."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लग्नाचा बस्ता बांधायला एकेक घरातून वीस-पंचवीस माणसं येतात. ती शालूंची गाठोडी घेऊन कुठपर्यंत चालतील? मी म्हटलं, सप्टेंबर 2024 पासून मंडईला मेट्रो आहे. ते हसले. सासूबाईंना जिने चढवून दाखवा म्हणाले. मग मी त्यांच्या दारातल्या तीन दुचाक्या कुणाच्या विचारल्या. दोन त्यांच्या, एक नोकराची. गिऱ्हाइकाला तशीही जागा नव्हतीच. चहा छान होता.

जंगली महाराज रस्त्यावर पदपथ ऐसपैस केले, बाक ठेवले, सायकलींना वेगळा पट्टा दिला. मला तो रस्ता आवडतो. पण सायकलच्या पट्ट्यावर माणसं चालतात आणि माणसांच्या पट्ट्यावर स्कूटर चढते. स्कूटर अडवायला खांब रोवावेत, तर व्हीलचेअरची रुंदी आणि स्कूटरच्या हँडलची रुंदी जवळजवळ सारखीच. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही जाते, आणि स्कूटर अडली की व्हीलचेअर अडते. यावर कुणी खांबाने तोडगा काढला असेल तर मला दाखवा.

पेठेत तर वेगळ्या पट्ट्याला जागाच नाही. इथे गाडीचाच वेग सायकलइतका झाला पाहिजे. म्हणून अर्जात मी एवढंच लिहिलं: तीन बोळांच्या तोंडाशी पदपथ तुटू नये, त्याच उंचीने पलीकडे न्यावा. बोळात वळणाऱ्या गाडीने चढावं आणि उतरावं, माणसाने का? पदपथाची रुंदी, उंची, चढउतार सगळं मांडून सोबत नकाशा जोडला, हाताने काढलेला.

आईने चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला.

"सायकलला वन-वे नको, हे नाही लिहिलंस?"

लक्ष्मी रोड एका दिशेचा, कुमठेकर रोड दुसऱ्या. समोर दिसणाऱ्या दुकानात जायला सायकलवाल्याने अख्खी पेठ फिरायची, नाहीतर उलटं घुसायचं. मी म्हटलं, "आई, ते वाहतूक पोलिसांकडे जातं. या अर्जात बसत नाही."

"मग दुसरा अर्ज आण."