फोन कुणाचा, ते बोलण्यावरून कळतं

आज ऑफिसात एक सहकारी साहेबांशी बोलत होती. शब्द अगदी इस्त्री केलेले. मध्येच आईचा फोन आला आणि क्षणात हेल, वेग, क्रियापदं, सगळंच घरचं झालं! फोन ठेवला की पुन्हा साहेबी वळण. तिला स्वतःला पत्ताही नसावा.

मला विल्यम लबॉव आठवला. १९६२ साली या भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत (एक महागडं, एक मधलं, एक स्वस्त) विक्रेत्यांना अशाच वस्तूंबद्दल विचारलं, ज्या चौथ्या मजल्यावर मिळत. 'फोर्थ फ्लोअर' म्हणताना 'र' ऐकू येतो का, एवढंच त्याला टिपायचं होतं. महागड्या दुकानात 'र' जास्त, स्वस्तात सगळ्यात कमी. खरी गंमत पुढे आहे. ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारलं, की विक्रेते 'र' आणखी ठसठशीत उच्चारायचे.

वर्गही दिसला, प्रसंगही दिसला, तोही एका अक्षरात. आणि आपण कुणाच्याही बोलण्याला 'अशुद्ध' म्हणून मोकळे होतो, याचा मला मनापासून राग येतो.

माझ्या घरचे तर पलीकडच्या खोलीतून माझे दोन शब्द ऐकून फोन कुणाचा ते सांगतात. तुमच्याकडेही होतं का असं?