टिपरचा क्लच सुटत नव्हता, गिअरबॉक्स न उतरवता काम झालं (माझा अनुभव)

गाडी टिपर, हायड्रॉलिक क्लच, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या लाइनमधून जातो, आणि त्याला तो जोर वाढवणारा, हवेवर चालणारा बूस्टर. पहिला आणि रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज, पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकायला बघायची. ड्रायव्हर म्हणाला क्लच प्लेट गेली, मेकॅनिक पण म्हणाला गिअरबॉक्स उतरवू. मी म्हटलं थांबा, प्लेट घासली असती तर चढावर इंजिन नुसतं ओरडलं असतं आणि गाडी ओढली नसती, इथे उलटं आहे, क्लच सुटतच नाहीये.

इंजिन बंद करून गिअर टाकले तर सगळे अलगद पडले. मग चालू करून आयडलला पेडल दाबून धरलं, जरा थांबून रिव्हर्स टाकला तरी कर्र. घाईत टाकल्यावर आवाज येतो तो वेगळा, तेव्हा गिअरबॉक्सचा शाफ्ट अजून फिरत असतो, पण थांबूनही आला तर क्लच अर्धवट सुटतोय हे नक्की. आणि पेडल भराभर पंप केलं की गिअर गुपचूप पडायचा, म्हणजे लाइनमध्ये हवा.

टाकीतलं हवेचं प्रेशर ठीक होतं. चाकांना ठोकळे लावले, एकाला पेडलवर बसवलं आणि खाली जाऊन बूस्टरचा पुश रॉड (क्लच सोडवायला ढकलणारा दांडा) किती बाहेर येतो ते मोजलं, मॅन्युअलपेक्षा बराच कमी. रॉडच पूर्ण येत नाही तर आतलं उघडून काय मिळणार? रॉड पूर्ण येऊनही गिअर अडला असता तर मग दोष आत, म्हणजे क्लचचा फोर्क, त्याच्या शाफ्टचे बुश, वाकलेली प्लेट नाहीतर जाम झालेलं पायलट बेअरिंग, तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

ब्लीडिंग केलं, म्हणजे लाइनमधली हवा काढली, गाडी मस्त चालली आणि थोड्याच दिवसांत परत तेच, शिवाय क्लचच्या ऑइलच्या डब्यातलं ऑइल (क्लचलाही ब्रेक ऑइलच लागतं) कमी झालेलं पण बाहेर गळती कुठेच नाही. पेडल सोडल्यावर बूस्टरमधून फुस्स करून हवा सुटते ना, त्या तोंडाशी बोट फिरवलं तर ओलं, वास ब्रेक ऑइलचा. आतलं सील गेलं होतं आणि ऑइल हवेच्या बाजूला जात होतं.

पण सील गेलं कशाने? डब्याचं झाकण काढलं तर त्याचं रबर फुगून वाकडं झालेलं, परत नीट बसेचना. कोणीतरी टॉप-अप करताना मिनरल ऑइल ओतलं होतं. इथले रबर डॉट 3, डॉट 4 या ग्रेडच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात, मिनरल ऑइल लागलं की फुगतात आणि मऊ पडतात, म्हणून एकटा बूस्टर बदलला असता तर नवीन सीलचीही तीच गत झाली असती. मास्टर सिलिंडरचं किट, बूस्टर, होस, झाकणाचं रबर सगळं नवीन टाकलं, लोखंडी पाइप धुऊन हवेने कोरडे केले आणि सीलबंद डब्यातलं डॉट 4 भरून बुडबुडे थांबेपर्यंत ब्लीड केलं.

आता रॉड पूर्ण येतो, रिव्हर्स आवाज न करता पडतो, आणि टॉप-अपला दुसरं काही ओतू नये म्हणून डब्यावर पेंटने मोठ्या अक्षरात डॉट 4 लिहून टाकलंय.