आमची वाटचाल : पेइचिंगचे आठ, पुण्याचे साडेपाच

चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, आणि एवढ्या अफाट देशात वेळ मात्र एकच. तिकडचा, समजा पेइचिंगचा (म्हणजे बीजिंगचा), नोकरदार माणूस जेवण आटोपून रात्री आठला सरावाला बसतो, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. मातृभाषा चिनी असलेल्यांकडून इंग्रजी व्याकरणाचा आणि शब्दांचा सराव करून घेणं, एवढंच आमच्या फर्मचं काम.

सुरुवात शाळकरी मुलांच्या वर्गांनी झाली. २४ जुलै २०२१ रोजी चीनमध्ये खासगी शिकवण्यांबाबतचं कडक धोरण जाहीर झालं आणि देशाबाहेर बसून शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांना मुलांचे वर्ग घेण्याची मनाई झाली. तेव्हापासून आमच्याकडे फक्त प्रौढ येतात. या बदलामुळे सरावाचं साहित्य मुळापासून नव्याने लिहावं लागलं, कारण प्रौढांना नियम ठाऊकच असतात. शाळेत तिसरीपासून इंग्रजी असते आणि विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत तिला १५० गुण असतात. ‘प्रेझेंट परफेक्ट’ची व्याख्या ते आपल्यापेक्षा चोख सांगतील. अडतं ते बोलताना.

आमची पहिली सरावपत्रिका नेहमीचीच होती : गाळलेल्या जागा, कंसात क्रियापद, योग्य काळ लिहा. सगळे ती बरोबर सोडवायचे आणि पुढच्याच मिनिटाला म्हणायचे, ‘यस्टरडे आय गो टु शांघाय.’ कारण साधं आहे. चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. ‘काल’ हा शब्द आला की काम झालं. त्यात क्रियापदामागे येणारा ‘ल’ हा छोटा शब्द म्हणजे भूतकाळ, असा समज पक्का असतो. तो खरा नाही. ‘ल’ क्रिया पुरी झाल्याचं सांगतो, मग ती उद्याची का असेना. मराठीत आपण ‘उद्या जेवलो की निघू’ म्हणतो, त्यातल्या ‘जेवलो’सारखं हे आहे. त्यामुळे ‘ल’ दिसला की इंग्रजी क्रियापदाला ‘ईडी’ (-ed) लावा, हा तोडगा आम्ही काढून टाकला.

पण ‘ईडी’ गळण्याचं दुसरं कारण व्याकरणाचं नाहीच, जिभेचं आहे. पेइचिंगच्या प्रमाण चिनीत शब्दाचा शेवट स्वर, न, ङ किंवा र यांवरच होतो. ‘वर्क्ट’सारखा (worked) शेवटी दोन व्यंजनांचा गठ्ठा तिथे नाही. दोष नेमका कुठे, हे आधी तपासावं लागतं. शिकणाऱ्याने कालच्या दिवसाबद्दल एक मिनिट बोलून पाठवायचं (वीचॅट या चिनी निरोप-ॲपचा आवाजी निरोप ६० सेकंदांत संपतो, तेवढं पुरतं) आणि लगेच तेच सहा-आठ ओळींत लिहायचं. लिहिण्यात ‘ईडी’ आहे आणि बोलण्यात नाही, तर दुखणं जिभेचं. दोन्हीकडे नाही, तर काळाचं.

जिभेच्या दुखण्यावर उपाय जोडून म्हणण्याचा. एकटं ‘वर्क्ट’ जड जातं, पण पुढे स्वर आला की शेवटचं व्यंजन त्याच्याकडे सरकतं : ‘वर्क्ट ऑन’चं ‘वर्क-टॉन’, ‘पिक्ट इट अप’चं ‘पिक-टि-टप’. अशा दहा जोड्या, दिवसातून तीनदा, आठवडाभर. मगच पुढचा स्वर काढून घ्यायचा. काळाच्या दुखण्यावर उपाय वेगळा : वाक्यांतून ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असे सगळे शब्द वगळायचे. ‘दे लिव्ह इन वूहान’ आणि ‘दे लिव्ह्ड इन वूहान’ अशी बारा वाक्यं मिसळून वाचायची, ऐकणाऱ्याने फक्त ‘आता’ किंवा ‘तेव्हा’ म्हणायचं. बारापैकी दहा बरोबर येईपर्यंत बोलण्याचा सराव सुरू करत नाही. जे कानाला कळत नाही ते तोंडातून निघत नाही.

‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांच्या बाबतीत मराठी माणूस आणि चिनी माणूस एकाच नावेत बसले आहेत. दोघांच्या भाषेत उपपद नाही, पण त्यामागचा भेद दोघांनाही कळतो. चिनीत ‘ख-रन लाय ल’ म्हणजे वाट पाहत होतो ते पाहुणे आले. ‘लाय ख-रन ल’ म्हणजे कुणीतरी पाहुणे येऊन टेकले. शब्द तेच, जागा बदलली की अर्थ बदलतो. पहिल्या वाक्यात इंग्रजीला ‘द’ लागेल, दुसऱ्यात नाही. हे एक उदाहरण चिनी अक्षरांत फळ्यावर लिहिलं की नियमांच्या चार पानांपेक्षा जास्त काम होतं.

उपपदांच्या सरावासाठी १२० ते १५० शब्दांचा उतारा घेतो आणि त्यातली सगळी उपपदं काढतो. जागा रिकामी ठेवत नाही, हे महत्त्वाचं; रिकामी जागा दिसली की इथे काहीतरी हवं हे आयतंच कळतं, आणि खरी चूक तर तिथे काही हवं हेच न सुचण्याची असते. प्रत्येक नामापाशी तीन प्रश्न, याच क्रमाने : मोजता येतं का? एक की अनेक? ऐकणाऱ्याला कोणतं ते ठाऊक आहे का? घाईत तिसरा प्रश्न आधी विचारला जातो आणि ‘ॲन इन्फर्मेशन’ तयार होतं. ॲडव्हाइस, लगेज, इक्विपमेंट, फर्निचर हे नेहमीचे अडखळे. चिनीत प्रत्येक वस्तू मोजताना मापकशब्द लागतो : कागद, टेबल, तिकीट अशा सपाट वस्तूंना ‘चांग’, रस्ता, मासा, पँट अशा लांबट वस्तूंना ‘थ्याओ’. म्हणून ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’मधलं ‘पीस’ हे इंग्रजीचं ‘थ्याओ’ समजा, एवढं सांगितलं की पटकन बसतं. इथे चिनी शिकणारा आपल्यापेक्षा पुढे असतो.

‘ऑल्दो’ आणि ‘बट’ एकाच वाक्यात येणं ही दुसरी सामाईक खोड. चिनीत ‘स्वेइरान’ म्हटलं की पुढे ‘तान्श्र’ हवंच, जसं आपल्याकडे ‘जरी’ला ‘तरी’. इंग्रजीला दोघांपैकी एकच चालतं. नकारार्थी प्रश्नाचंही तेच : ‘येणार नाहीस?’ याला आपण ‘हो, नाही येणार’ म्हणतो, तेही तसंच म्हणतात, आणि इंग्रज ऐकणारा ‘येस’वर थांबून गोंधळतो. ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल मात्र निराळी. लिहिताना तो आणि तीची अक्षरं वेगळी, पण उच्चार दोन्हींचा ‘था’. त्यासाठी सराव असा : दोन नातेवाईक, एक पुरुष आणि एक बाई, यांच्याबद्दल आळीपाळीने एकेक वाक्य, दोन मिनिटं न थांबता. सुधारायला सहा-सात आठवडे लागतात. लवकर होईल असं आम्ही कुणाला सांगत नाही.

शब्दांकडे येऊ. तिकडच्या परीक्षांची शब्दपुस्तकं बहुधा वर्णानुक्रमे असतात, आणि पहिला शब्द ‘अबॅन्डन’ हा पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना पाठ. अर्थ ओळखता येतो, शेजारी कोणता शब्द बसतो ते येत नाही. म्हणून आमच्या कार्डावर सुटा शब्द नसतो. एका बाजूला चिनी जोडी, दुसरीकडे इंग्रजी. ‘ता यू’, शब्दशः मोठा पाऊस, म्हणून ‘बिग रेन’ तोंडात येतं. हवं ‘हेवी रेन’. ‘नुंग छा’ म्हणजे दाट चहा. इंग्रजीत ‘स्ट्राँग टी’, आपल्याकडे कडक. ‘हुंग छा’ म्हणजे लाल चहा. इंग्रजीत तो काळा.

सर्वांत कामाचा संच एकाच चिनी क्रियापदाचा आहे. ‘खाय’ म्हणजे उघडणं, पण दार, दिवा, गाडी, बैठक आणि डॉक्टरांचं औषध या सगळ्यांना तोच लागतो. इंग्रजीत ओपन, टर्न ऑन, ड्राइव्ह, होल्ड, प्रिस्क्राइब अशी पाच तोंडं. मराठीतलं ‘लावणे’ आठवा : दार, दिवा, झाड, गाणं, वेळ. रोज आठ नवी कार्डं, त्याहून जास्त नाही; उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि सोळाव्या दिवशी, नेहमी चिनीकडून इंग्रजीकडे. उलट दिशेने केली की ओळखीलाच ज्ञान समजण्याची चूक होते. चुकलेलं कार्ड परत पहिल्या दिवसात.

व्यापारी मंडळींसाठी आकड्यांची वेगळी पत्रिका आहे. चिनी मोजणी चार-चार अंकांची : दहा हजारांचा एक ‘वान’, दहा कोटींचा एक ‘यी’. ३५ वान म्हणजे आपले साडेतीन लाख, इंग्रजीत तीनशे पन्नास थाउजंड. डोक्यात गुणाकार करू देत नाही. आकडा लिहायचा, उजवीकडून तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम द्यायचा, मग वाचायचा.

आमच्या शिक्षिका मराठी, याचा एक फायदा कानाचा आहे. विद्यापीठ प्रवेशाच्या ज्या परीक्षेला वर्तमानपत्रं ‘गाओकाओ’ छापतात ती खरं तर ‘काओखाओ’. चिनीतला भेद क-ख, प-फ, त-थ यांचा, ग-क यांचा नाही. मराठी कानाला तो तत्काळ कळतो, आणि चिनी माणूस ‘बॅक’ म्हणताना ‘पॅक’ का ऐकू येतं तेही. उलट ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपला ‘व’ एकच करून टाकतो, म्हणून तो सराव शिक्षिकांनी आधी स्वतः करायचा, असा नियम आहे.

साहित्य पीडीएफमध्येच जातं, कारण चीनच्या मुख्य भूमीवर गूगलची पानं उघडत नाहीत. वसंतोत्सव (चिनी नववर्ष) आणि १ ऑक्टोबरच्या राष्ट्रदिनाच्या सुट्ट्यांच्या आगेमागे शनिवार-रविवार कामाचे होतात, म्हणून वेळापत्रक सरकारी सुट्ट्यांची यादी लागल्यावरच ठरवतो.

सध्या हाँगकाँग आणि क्वांगतुंग (ग्वांगडोंग) प्रांतातल्या कँटोनीज, म्हणजे दक्षिणेकडची चिनी, बोलणाऱ्यांसाठी वेगळा संच लिहीत आहोत. तिथे शब्दाच्या शेवटी प, त, क येतात, पण ओठांवर किंवा टाळूपाशीच दाबले जातात, सुटत नाहीत. त्यामुळे ‘वर्क-टॉन’ची जोडणी तिथे दुसऱ्या आठवड्यात जाते, पहिल्या आठवड्यात तोंडापुढे पातळ कागद धरून शेवटचा ‘ट’ सोडायचा, कागद हलला तरच तो ‘ट’ बरोबर मानायचा.