बाटलीतलं फूल

ऑर्किडचं बी पेरलेल्या पहिल्या खेपेच्या चाळीस बाटल्यांपैकी एकतीस मी बुरशीसकट पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या भांड्यात, घातल्या आणि मग फेकल्या. काही पांढऱ्या, काही काळ्या, दोन तर चक्क गुलाबी. उरल्या नऊ.

ऑर्किडचं बी म्हणजे निव्वळ धूळ. डेंड्रोबियम या ऑर्किडच्या एका शेंगेत हजारोंनी दाणे असतात, पण कुणाच्याच गाठीला शिदोरी नसते. रानात ठरावीक बुरशी आत शिरून त्यांना भरवते, तेव्हा कुठे ते रुजतात. साखर दिली तर बुरशीवाचूनही भागतं, हे लुईस नुडसन यांनी १९२२ साली दाखवलं आणि बाटलीतली शेती सुरू झाली. पण ती साखर हवेतल्या ऐऱ्यागैऱ्या बुरशीलाही आवडते, हे मला एकतीस बाटल्यांनी शिकवलं.

शेंग मी हिरवी, न उकललेली घेतली होती. बंद शेंगेच्या आत सहसा जंतू नसतात, म्हणून बी वेगळं धुवावं लागत नाही. बाहेरून साबणाने घासली, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ठेवली, मग लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात, अल्कोहोलात बुडवून ज्योतीवर धरली. माध्यम, म्हणजे बी ज्यावर पेरायचं ते आगराने गोठवलेलं खाद्य, १२१ अंशांवर वीस मिनिटं शिजलेलं. मग घाण आली कुठून? माझ्यामागे उभं राहून एका सहकाऱ्याने दोन मिनिटांत सांगितलं: गाळलेली हवा आणि बाटलीचं उघडं तोंड यांच्या मध्ये दर वेळी माझं मनगट येत होतं. बाटली तिरकी धरायला लागले. पुढच्या खेपेला पाचच गेल्या.

माध्यमाचाही एक फजितीचा किस्सा आहे. अर्ध्या ताकदीचं मुराशिगे-स्कूग नावाचं क्षारांचं तयार मिश्रण, लिटरला २० ग्रॅम साखर, थोडं नारळपाणी, असं सगळं मोजूनमापून केलं आणि आम्लाचे थेंब जरा जास्त पडले. पीएच ५.७ हवा होता, तो बराच खाली घसरला. असं आम्लट आगर तापवलं की नीट गोठत नाही. सगळं पळीवाढं राहिलं, बी तळाला बुडालं.

सहा आठवड्यांनी चांगल्या बाटल्यांत हिरवे मणी दिसले. त्यांना प्रोटोकॉर्म म्हणतात. धड मूळ नाही, धड पान नाही. मग पान, मग मूळ, आणि मधूनमधून ताज्या माध्यमावर बदली. हा काळ कंटाळवाणा असतो, त्याबद्दल काय लिहायचं!

खरी हाव मला फुलांची होती. डेंड्रोबियमच्या काही जाती बाटलीतच फुलतात. त्यासाठी नत्र कमी, स्फुरद जास्त, आणि संप्रेरक म्हणून बेंझिलअॅडेनिन. ही पूड पाण्यात सहजी विरघळत नाही. आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांत विरघळवावी लागते. तेवढं मी वाचलं होतं. तीन महिने वाट पाहिली. पानं येत राहिली, कळीचा पत्ता नाही. शेवटी घटकांची यादी बोट ठेवून वाचली आणि कपाळावर हात मारला. कापलेल्या जागेतून गळणारा तपकिरी रस शोषायला मी माध्यमात कोळसा घालत होते. त्या कोळशाला रस आणि संप्रेरक यातला फरक कळत नाही. जेवढं बेंझिलअॅडेनिन घातलं, त्यातलं बरंचसं तोच पिऊन बसला होता.

कोळसा वगळला. पुढे चार रोपांना दांडे फुटले. दोघांच्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. बंद बाटलीत साठणारा इथिलीन वायू कळ्यांना सोसत नाही, बहुधा तेच झालं असावं. तिसऱ्याचं फूल वेडंवाकडं, ओठ, म्हणजे ऑर्किडची ती वेगळी पाकळी, नीट न उघडलेला. चौथं मात्र नखाएवढं, पांढरं, जांभळ्या गळ्याचं आणि सगळ्या पाकळ्या जागच्या जागी. बोटभर उंचीच्या रोपावर! बागेत असतं तर अजून बरंच वाढायचं राहिलं होतं त्याचं.

त्याला वास आहे का, हे काचेतून कळेना. झाकण उघडलं की बाटली गेली, हे पक्कं माहीत होतं. नोंदवहीत सगळी मापं लिहून झाल्यावर, फूल उमलल्याच्या नवव्या दिवशी, मी लॅमिनारबाहेर, साध्या टेबलावर झाकण काढलं आणि नाक आत घातलं. वास आगराचा आला.

तिसऱ्या दिवशी बाटलीच्या कडेने पांढरा कापूस धरला होता. रोप काढून मुळांवरचं आगर कोमट पाण्याने धुतलं आणि ओल्या शेवाळात लावलं. फूल कोमेजून गेलं. रोपाला सध्या एक नवीन मूळ फुटलंय.